फी परवडेल, पण थांबणं परवडेल का? करिअर निवडताना घरचा हिशोब कसा मांडायचा

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की घराघरांत एकच विषय असतो. कुठलं कॉलेज, कुठली शाखा, मागच्या वर्षी कटऑफ कितीवर थांबला. शेजारीपाजारी, काका-मामा सगळे सल्ला देतात. एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत बोललीच जात नाही. मुलांनी पैशाचा विषय काढला की आईवडील म्हणतात, "तू अभ्यासाचं बघ, पैशाचं आम्ही बघतो." त्यामागे माया असते, यात शंका नाही. पण त्या एका वाक्यामुळे सतरा-अठरा वर्षांचं मूल आयुष्यातला सर्वांत महागडा निर्णय घरचा एकही आकडा माहीत नसताना घेतं. आणि मग तिसऱ्या वर्षाला असताना कधीतरी मावशीकडून कळतं की आईच्या पाटल्या बँकेत गहाण आहेत.

माझं म्हणणं असं आहे की आवड, मार्क आणि नोकरीच्या संधी यांच्या बरोबरीने घरचा आधार हाही करिअरच्या निवडीचा भाग आहे. तो आधार किती रुपयांचा आहे आणि त्याहून महत्त्वाचं, किती वर्षांचा आहे, हे ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरायच्या आधी मुलांना कळलं पाहिजे. त्यांचा तो हक्कच आहे.

फी हा खर्चाचा अर्धाच भाग

कुठल्याही करिअरला दोन प्रकारचे खर्च असतात. एक फी, जी माहितीपत्रकात छापलेली असते. दुसरा कुठेच छापलेला नसतो. स्वतःच्या पोटापुरती कमाई सुरू होईपर्यंत घराने आपल्याला जितकी वर्षं पोसायचं, त्या वर्षांचा खर्च. त्याला आपण थांबण्याचा खर्च म्हणू. घरोघरी पहिल्यावर रात्र रात्र चर्चा होते आणि दुसऱ्याचा विचारच होत नाही.

वकिली घ्या. अनुदानित विधी महाविद्यालयाची फी फारशी नसते, त्यामुळे "लॉ काय, परवडतंय की" असं पटकन म्हटलं जातं. पण सनद मिळाल्यावर तालुका किंवा जिल्हा न्यायालयात सीनियरच्या हाताखाली उमेदवारी करताना सुरुवातीची काही वर्षं जे हातात पडतं, त्यात गाडीचं पेट्रोल आणि दुपारचं जेवण कसंबसं भागतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून नवोदित वकिलांना शहरात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावं असं सुचवलं. ती शिफारस आहे, बंधन नाही. ज्याच्या घरात वडिलांचंच वकिलीचं ऑफिस आहे त्याला ही वर्षं जाणवतही नाहीत. ज्याच्या घरी पहिल्या पगाराची वाट बघणारं कोणी आहे, त्याला ती जड जातात.

सीएचंही तसंच. फी इंजिनिअरिंगच्या मानाने किरकोळ, आणि २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिपही, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, दोन वर्षांवर आली आहे. पण फायनलचे ग्रुप पहिल्या फटक्यात सुटतील की चौथ्या, हे कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरकीत एमबीबीएसची साडेचार वर्षं, मग एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट-पीजीची तयारी, मग एमडी किंवा एमएसची तीन वर्षं. बारावीनंतर एक वर्ष रिपीट केलेलं असेल तर तिशी समोर दिसायला लागते. पीजीच्या काळात विद्यावेतन मिळतं, त्यामुळे शेवटची तीन वर्षं घरावर पूर्ण भार नसतो, एवढाच दिलासा.

आणि एमपीएससी. पुण्यात सदाशिव पेठेतून किंवा शास्त्री रस्त्यावरून संध्याकाळी चालत गेलात तर अभ्यासिकेतून मेसकडे निघालेली मुलं-मुली दिसतात. नांदेड, बीड, यवतमाळ, जळगाव, कुठून कुठून आलेली. खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज मिळून महिन्याला दहा-बारा हजार सहज जातात आणि ते गावाकडून येतात. खुल्या गटाला अडतिसाव्या वर्षापर्यंत आणि मागासवर्गीयांना त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत परीक्षा देता येते. पण आयोग थांबतो म्हणून घरही तोपर्यंत थांबू शकेल असं नाही. शिवाय जाहिरात कधी येणार, पदं किती निघणार, परीक्षेचा नमुना काय असणार, यातलं काहीच विद्यार्थ्याच्या हातात नसतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा बहुपर्यायी प्रश्नांची तयारी करत वर्षं घालवलेल्यांना पुन्हा नव्याने बसावं लागलं. या वाटेवर जाऊ नका असं मी म्हणणार नाही. राज्याला चांगले अधिकारी हवेत, आणि ते बहुतेक अशाच घरांतून येतात. पण "किती प्रयत्न आणि कोणत्या वयापर्यंत" हे पुण्याची बस पकडायच्या आधी घरात बसून ठरवलेलं असावं.

याच्या उलट काही वाटा लवकर हात देतात, आणि त्यांची चर्चा कमी होते याचं मला वाईट वाटतं. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप करताना विद्यावेतन मिळतं. विज्ञानाची ओढ असलेल्या मुलांना "संशोधनात पैसा नाही" म्हणून थांबवलं जातं, पण नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर पीएचडी करताना दरमहा ३७ हजार रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. खडकवासल्याच्या एनडीएमध्ये प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं, आणि पुढे लष्करी अकादमीतल्या शेवटच्या टप्प्यात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन असतं. २०२१ पासून ही दारं मुलींनाही उघडली आहेत.

दोन वयं शेजारी मांडा

हा हिशोब कागदावर कसा करायचा, ते एका घरावरून बघू. घर काल्पनिक आहे, पण अशी घरं तुमच्या ओळखीत असतील.

समजा, बार्शीत एसटीचे चालक असलेले अप्पा पन्नाशीचे आहेत. आई घरी ब्लाऊज शिवते. मुलगी अठरा वर्षांची, मुलगा चौदा. अप्पा अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणार, म्हणजे हातात आठ वर्षं. मुलीने इंजिनिअरिंग घेतलं तर ते संपेपर्यंत अप्पा चोपन्न वर्षांचे, आणि त्याच वर्षी मुलगा बारावी होऊन दारात उभा. त्याची चार वर्षं संपतील तेव्हा अप्पांची निवृत्ती. या घरात एकही रिकामं वर्ष नाही. मुलीला डिग्रीनंतर दोन वर्षं घरी बसून गेटची, म्हणजे एमटेकच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करायची असेल, तर त्या दोन वर्षांचे पैसे भावाच्या फीमधून निघणार. हे कोणी वाईट म्हणून होत नाही. वयांची मांडणीच तशी आहे. आणि ही मांडणी एका वहीच्या पानावर दोन ओळींत दिसते: वर मुलांची वयं, खाली आईवडिलांची.

निवृत्तीनंतर काय? अप्पांना लागू असलेल्या ईपीएस-९५ या पीएफशी जोडलेल्या योजनेत पेन्शन साधारणपणे १५ हजारांच्या पगारमर्यादेवर मोजली जाते. सूत्र सोपं आहे: पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पस्तीस वर्षं सेवा धरली तरी येतात साडेसात हजार रुपये. पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदाच येते, आणि तिच्यावर घराची डागडुजी, लग्न आणि म्हातारपण अशी तिघांची नजर असते.

आता त्याच गल्लीत राहणारे जिल्हा परिषदेचे गुरुजी बघा. ते १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागले असतील तर त्यांना जुनी पेन्शन आहे, म्हणजे ढोबळमानाने शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता. आज दोघांच्या घरी येणाऱ्या पैशात फार फरक नसेलही. पण गुरुजींची मुलगी वडिलांच्या निवृत्तीनंतरही दोन वर्षं थांबू शकते, अप्पांची मुलगी थांबू शकत नाही. "वडिलांचा पगार किती" एवढ्यावर घरचा आधार मोजला तर हा फरक दिसतच नाही.

शेतकऱ्याच्या घरी निवृत्ती नसते, पण अडचण दुसरी असते. फी भरायची ती जुलै-ऑगस्टमध्ये, आणि नेमका तेव्हाच बियाणं-खतात सगळा पैसा गेलेला असतो. सोयाबीनचे पैसे येणार दिवाळीच्या सुमारास. त्यामुळे वर्षाला पैसे पुरतात असं कागदावर दिसलं तरी जुलैत ते हातात नसतात, आणि तिथेच सावकाराचा दरवाजा ठोठावला जातो. अशा घराने कॉलेज निवडताना फीचा आकडा विचारावाच, आणि ती किती हप्त्यांत व कोणत्या महिन्यांत घेतात तेही विचारावं. विचारायला लाजू नये. अर्ज केल्यावर हप्ते बांधून देणारी कॉलेजं आहेत.

शैक्षणिक कर्ज: हप्ता कधी सुरू होतो आणि व्याज कधी

कर्ज वाईट नाही. उलट जमीन विकण्यापेक्षा मुलाच्या नावावर कर्ज काढणं मला केव्हाही बरं वाटतं, कारण विकलेली जमीन परत येत नाही आणि म्हातारपणी आईवडिलांच्या हातात काहीतरी उरलं पाहिजे. फक्त कर्जाचा हिशोब सही करायच्या आधी समजला पाहिजे.

समजा चार वर्षं दरवर्षी अडीच लाख, असं एकूण १० लाखांचं कर्ज १० टक्के दराने घेतलं. अभ्यासक्रम संपल्यावर सहसा एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही. म्हणून घरात समज असतो की तोवर काही देणं नाही. व्याज मात्र पहिली रक्कम कॉलेजच्या खात्यात गेल्या दिवसापासून चालू झालेलं असतं. पहिल्या वर्षी २५ हजार, दुसऱ्या वर्षी ५० हजार, तिसऱ्या वर्षी ७५ हजार, चौथ्या आणि पाचव्या वर्षी एक-एक लाख. पाच वर्षांचे झाले साडेतीन लाख. ते तसेच साठू दिले तर परतफेड सुरू होते साडेतेरा लाखांवर, आणि दहा वर्षांसाठी हप्ता बसतो सुमारे १७,८४० रुपये. तेच व्याज शिकत असतानाच भरत गेलं तर हप्ता १३,२१५ वर राहतो. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला जेमतेम २,१०० रुपये असतं, चौथ्या वर्षी ८,३०० पर्यंत जातं. व्याज असं नियमित भरणाऱ्यांना काही बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूटही देतात.

आता पहिल्या नोकरीत २५ हजार हातात आले आणि पुण्यात राहण्या-जेवण्याला १२ हजार गेले, तर १७,८४० चा हप्ता भरायला घरून दरमहा जवळजवळ पाच हजार मागवावे लागतील. नोकरी लागूनही. म्हणून कर्जाची रक्कम ठरवताना त्या कॉलेजातून, त्या शाखेतून, मधल्या फळीतल्या मुलाला पहिला पगार किती मिळतो हे शोधा. जाहिरातीत छापलेलं सर्वांत मोठं पॅकेज या हिशोबात धरू नका. मागच्या दोन वर्षांत पास झालेल्या चार-पाच मुलांना फोन केले की खरा आकडा कळतो.

आणखी एक गोष्ट, जी फार घरांना उशिरा कळते. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ते थकले तर मुलासोबत त्यांचाही सिबिल स्कोअर बिघडतो, आणि धाकट्यासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँक मान हलवते. सरकारी बँकांत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सहसा तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतल्या प्रवेशासाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात तीन टक्के व्याजसवलतीची सोय आहे. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का, हे आधी बघा.

परदेशी शिक्षणाचं गणित याच पद्धतीने मांडायचं, फक्त त्यात फी डॉलर-युरोत आणि व्हिसाचे नियम दुसऱ्या देशाच्या हातात, एवढी अनिश्चितता वाढते. राहतं घर तारण ठेवून जाणाऱ्यांनी "तिकडे नोकरी मिळाली नाही आणि परत यावं लागलं, तर इथल्या पगारात हा हप्ता जाईल का" या प्रश्नाचं उत्तर लिहून काढावं.

सवलत असते, पण वाट चुकली की जाते

महाराष्ट्रात फीसवलतीच्या योजना बऱ्याच आहेत आणि त्यांच्यामुळे करिअरचा हिशोब पार बदलू शकतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी अनुसूचित जातींना स्वाधार, जमातींना स्वयम आणि ओबीसींना आधार या योजनांतून मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत राहण्या-जेवणाचे पैसे मिळू शकतात.

आता अट. ही फीमाफी कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या जागेलाच आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही नाही. अप्पांच्या मुलीला कॅपमधून एका बऱ्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स मिळतंय आणि कोणीतरी सांगतं, "मॅनेजमेंटमधून कॉम्प्युटर घ्या, स्कोप आहे." या एका निर्णयाने चार वर्षांची माफ होणारी फी पूर्ण भरावी लागते. कॉम्प्युटर शाखेची ओढ खरी असेल तर त्याचा विचार जरूर करावा. पण आकडा डोळ्यांसमोर ठेवून. आणि कॉलेज सांगेल ती फी खरी मानू नये. खासगी व्यावसायिक कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघता येते. पावती न देता वर मागितलेली रक्कम म्हणजे कॅपिटेशन फी, आणि महाराष्ट्रात तिच्यावर १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

कागदपत्रांचं तर विचारूच नका. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, आणि सर्वांत जास्त अडणारं जात पडताळणी प्रमाणपत्र. हे अकरावीतच सुरू करावं. हुशार मुलांच्या हातून जागा आणि सवलत निसटते ती बऱ्याचदा गुणांअभावी नाही, या एका कागदाअभावी. शिवाय महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून येणारे शिष्यवृत्तीचे पैसे सत्र सुरू होताना येतीलच असं नाही, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांचा खर्च हाताशी धरावा.

जो आधार रुपयांत मोजता येत नाही

पुण्यात किंवा ठाण्यात स्वतःचं घर असणं हीच मोठी शिष्यवृत्ती आहे. राहणं, जेवण, आजारपणात डोक्यावर हात, सगळं त्यात आलं. नाटक, चित्रपट, पत्रकारिता, डिझाइन अशा, सुरुवातीला कमी पैसे देणाऱ्या क्षेत्रांत शहरातल्या मुलांना टिकून राहता येतं, त्यात याचा वाटा मोठा आहे. गावाकडच्या मुलाला तीच टिकण्याची वर्षं विकत घ्यावी लागतात. म्हणून तो कमी गुणी ठरत नाही. त्याला जोडीला कमाईचं एक साधन मात्र सुरुवातीपासून लागतं.

काही घरांत पैसा आहे पण त्यासोबत अटी असतात. मुलींच्या बाबतीत हे फार होतं. "शिक एमएस्सी, पण तेवीसपर्यंत, मग लग्न." अशी मुदत मनात धरलेली असेल तर ती आधी कळली पाहिजे, कारण सात वर्षांची वाट निवडून चौथ्या वर्षी ती तोडणं सर्वांत महाग पडतं. काही घरांत उलट, पहिल्या पगारापासून पैसे परत यायला हवे असतात: कर्ज, आजोबांचं औषध, धाकट्या बहिणीची फी. तेही स्पष्ट सांगावं. त्यात कमीपणा नाही.

हे बोलणं सुरू करणं अवघड असतं, विशेषतः वडिलांशी. "अप्पा, तुम्ही माझ्यासाठी दर महिन्याला किती काढू शकाल, आणि किती वर्षं?" एवढंच विचारायचं. पहिल्यांदा उत्तर येणार नाही. "तुला काय करायचंय" असंही येईल. दोन दिवसांनी आईला सोबत घेऊन, वही समोर ठेवून पुन्हा विचारा. आईला बहुतेक वेळा खरे आकडे ठाऊक असतात: भिशी कधी फुटणार, कोणाचे उसने राहिलेत, पतसंस्थेचा हप्ता कधी संपणार. आणि पालकांनो, आकडा सांगताना "तुझ्यासाठी आम्ही किती करतोय" हे जोडू नका. मूल घाबरलं की गप्प बसतं, आणि आवडीची वाट न सांगताच सोडून देतं.

पैसे कमी पडत असतील तर

बहुतेक घरांत आकडे मांडल्यावर काहीतरी कमी पडतंच. तेव्हा आधी वाट बदलून बघावी. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमानंतर नोकरी करत थांबायचं असेल तर तीही मुभा असते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली 'कमवा आणि शिका' ही पद्धत रयत शिक्षण संस्थेत आणि पुणे विद्यापीठात आजही आहे. तिथे तासाच्या हिशोबाने मिळणाऱ्या पैशांवर मेसचं बिल भागवणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांचा मला अभिमान वाटतो. यूपीएससी-एमपीएससीच्या तयारीसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था मोफत प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात, निवड परीक्षा द्यावी लागते एवढंच.

हे सगळं शोधायला वेळ लागतो, आणि प्रवेशाच्या दिवसांत तो मिळत नाही. कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही, आणि फी भरून प्रवेश घ्यायला मोजकेच दिवस असतात. तेवढ्या दिवसांत बँक कर्ज मंजूर करत नाही. म्हणून पसंतीक्रम भरायच्या आधी, शक्यतो परीक्षा संपल्या संपल्या, गावातल्या बँकेच्या शाखेत जाऊन यायचं. सोबत वडिलांची पगारपत्रकं किंवा सातबारा, पहिल्या तीन कॉलेजांची मंजूर फी आणि मुलाची मार्कलिस्ट. मुलालाही न्यायचं, आणि मॅनेजर साहेब आकडे सांगत असतील तेव्हा वही त्याच्या हातात द्यायची.